सर्वांत प्रभावी स्वतंत्र कलाकार: माझी पाच नावं आणि त्यामागची कारणं

मंद्र

स्वतंत्र कलाकारांच्या क्रमवाऱ्या वाचताना दर वेळी एकाच जागी घोडं अडतं. यादी करणारा 'इंडी', म्हणजे स्वतंत्र संगीत, हा गिटारचा एक ठरावीक आवाज असं धरून चालतो. मग मोठ्या कंपनीच्या पैशावर रेकॉर्ड काढलेले बँड पहिल्या दहात येतात. ज्यांनी स्वतः रेकॉर्ड छापले, स्वतः कव्हरं चिकटवली, स्वतः पार्सलं बांधली, त्यांना तळाशी एखादी ओळ मिळते. म्हणून यादीआधी चाळणी सांगतो.

मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, कोणाच्या मालकीचे? छापायचे पैसे कोणी घातले? माल दुकानापर्यंत कोणी पोचवला? मला हे तीनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि त्यातला तिसरा सगळ्यात जास्त. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० मध्ये इंडी चार्ट सुरू झाला तेव्हा निकष आवाजाचा नव्हताच. वितरण मोठ्या कंपन्यांच्या हातात नसलं की रेकॉर्ड पात्र. त्यामुळे पुढे कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणीसुद्धा त्या चार्टवर आली, कारण पीडब्ल्यूएल लेबलचं वितरण स्वतंत्र होतं. लोक हे उदाहरण निकषाची फजिती म्हणून सांगतात. मला त्यात निकषाचा प्रामाणिकपणा दिसतो.

आणि प्रभाव म्हणजे केवळ 'यांच्यासारखं वाजवणारे किती निघाले' असं मी मानत नाही. यांच्यामुळे किती जणांनी कामाची पद्धत बदलली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१. फुगाझी, अमेरिकेतला पंक बँड. हे नाव कोणी हलवू शकेल असं मला वाटत नाही. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड लेबल सुरू केलं ते आपल्याच मोडलेल्या बँडचं, टीन आयडल्सचं, रेकॉर्ड काढायला. त्याच घडीवर पुढे मकायचे फुगाझी उभे राहिले. तिकीट शक्यतो पाच डॉलर, कुठल्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश, टी-शर्टची विक्री नाही. रेकॉर्डच्या कव्हरवरच टपालखर्चासकट किंमत छापलेली, म्हणजे मधल्या माणसाला वाढवायला जागा नाही. मोठ्या कंपन्या दाराशी आल्या तरी यांनी सही केली नाही. आणि हे सगळं संगीत दुबळं असतं तर फुकट गेलं असतं. 'रिपीटर' (१९९०) ऐका. दोन गिटार एकमेकींच्या अंगावर धावून जातात आणि खाली बास गिटार वाजवणाऱ्या जो लालीची चाल जमैकाच्या रेगे संगीतासारखी मोकळी सोडलेली. त्यांनी हजारावर कार्यक्रम केले, त्यातल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण जपलं आणि २०११ पासून ते लोकांसाठी खुलं करत आणलं. इतकी शिस्त मी दुसऱ्या कोणत्याही रॉक बँडमध्ये पाहिलेली नाही.

२. जाझ संगीतकार सन रा. १९५० च्या दशकात शिकागोमध्ये ऑल्टन एब्रहॅमसोबत एल सॅटर्न हे स्वतःचं लेबल. पंक जन्माला यायच्या वीस वर्षं आधी.

३. पंक बँड ब्लॅक फ्लॅग. त्यांचा गिटारवादक ग्रेग गिन याचा हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी यंत्रांचे, सुटे भाग टपालाने विकायचा धंदा होता, त्याच नावाखाली त्याने एसएसटी हे लेबल काढलं. दौऱ्याचा जो रस्ता या बँडने अमेरिकाभर पाडला, त्यावरून मागचे सगळे गेले.

४. फॅक्टरी लेबलचे जॉय डिव्हिजन आणि त्यातूनच निघालेले न्यू ऑर्डर, एकच नोंद धरून.

५. गायिका आनी डिफ्रँको. १९९० पासून स्वतःचं राइचस बेब लेबल, आणि दरवाजे ठोठावणाऱ्या कंपन्यांना सातत्याने नकार.

आता तुमची मतं येऊ द्या.

बी-साइड

चाळणी चांगली आहे, पण तिच्यातून संगीतच गळून गेलंय. पाच डॉलरचं तिकीट हा सद्गुण आहे, प्रभाव नाही. माझ्या लेखी प्रभाव कानाला ऐकू यायला हवा.

पिक्सीज कुठे आहेत? त्या बँडचा 'सर्फर रोझा' अल्बम १९८८ मध्ये फोर-एडी या स्वतंत्र लेबलने काढला, म्हणजे तुमच्या चाळणीतूनही निघतो. दबक्या कडव्यानंतर अंगावर येणारं ध्रुवपद, ही रचना पुढच्या दशकाने किती वापरली याची गणती नाही. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने १९९४ मध्ये मुलाखतीत उघड सांगितलं होतं की त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात तो पिक्सीजची नक्कल करू पाहत होता. प्रभाव सिद्ध करायला आणखी काय लागतं?

आगंतुक

वेल्व्हेट अंडरग्राउंड नाही? यादीच बाद.

मंद्र

आगंतुक, वेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम १९६७ मध्ये व्हर्व्हने काढला आणि व्हर्व्ह होतं एमजीएमचं. मोठ्या कंपनीचा कमी खपलेला बँड आणि स्वतंत्र बँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बी-साइड, पिक्सीज माझ्या पहिल्या दहात आहेतच. पण एक बघा. 'सर्फर रोझा'चा तो उघडा-बोडका ड्रमचा आवाज, खोलीचा आकार कानाला जाणवावा असा, तो ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीच्या हातचा. तो माणूस निर्माता म्हणवून घ्यायचा नाही आणि रॉयल्टीत वाटा घ्यायचा नाही. ठरलेली मजुरी घेऊन मोकळा. १९९३ मध्ये निर्वाणाचा 'इन युटेरो' करतानाही त्याने बँडला लिहून कळवलं होतं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, कामाचे काम म्हणून. तो आवाज आणि ती पद्धत मला वेगळी काढता येत नाही. ज्याला विक्रीत वाटा नाही, त्याला बँडचा आवाज गोड करून घ्यायची गरजही नाही.

आडताल

दोघांचंही वाचलं. तुम्ही भांडताय ते एकाच खोलीतल्या खुर्च्यांवरून, आणि त्या खोलीत सगळ्यांच्या हातात गिटार आहे. सन रा सोडला तर यादीत काळा माणूस नाही. स्वतंत्र संगीताचा इतिहास असा मांडला की राग येतो, कारण स्वतःचं लेबल काढणं ही ज्यांची हौस नव्हती, निकड होती, तेच बाहेर राहतात.

हुआन अ‍ॅटकिन्स घ्या. त्याच्या सायबोट्रॉन या गटाचं पहिलं रेकॉर्ड १९८१ मध्ये स्वतःच्या लेबलवर. मग १९८५ मध्ये डेट्रॉइटमध्ये मेट्रोप्लेक्स हे लेबल, पहिलं रेकॉर्ड मॉडेल ५०० या नावाने. त्याच्यामागोमाग डेरिक मेचं ट्रान्समॅट आणि केव्हिन सॉन्डरसनचं केएमएस. तीन मित्र, तीन लेबलं, आणि त्यातून टेक्नो हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा अख्खा प्रकार. आज जगात कुठेही रात्रभर टेक्नो वाजत असेल, तर मूळ या घरगुती लेबलांपाशी जातं. पुढे अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाच्या माइक बँक्सने सबमर्ज ही वितरण संस्थाही शहरातच उभी केली. मंद्र, तुमचा तिसरा प्रश्न होता ना, माल कोणी पोचवला? हे घ्या उत्तर.

हिप-हॉपमध्ये रॅपर टू शॉर्ट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये मित्राबरोबर कॅसेटी करून हातोहात विकायचा. गिऱ्हाइकाने आपलं नाव सांगायचं आणि याने त्या नावाचं गाणं करून द्यायचं. लेबल नाही, दुकान नाही, तरी शहरभर नाव.

आणि रॅपर एमएफ डूम. त्याचा आणि मॅडलिबचा 'मॅडव्हिलनी' अल्बम २००४ मध्ये स्टोन्स थ्रोने काढला. मॅडलिबने त्यातले बरेच बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, ब्राझीलच्या दौऱ्यात हॉटेलच्या खोलीत केले; जवळ फिरता टर्नटेबल, छोटा सॅम्पलर आणि कॅसेट डेक. त्या कच्च्या मुद्रणाची प्रत चोरीला गेली आणि वर्षभर आधीच इंटरनेटवर फिरू लागली. कोणीही खचलं असतं. डूमने आवाज खाली उतरवून, जवळजवळ पुटपुटल्यासारखा, शब्द पुन्हा म्हटले. दोन्ही रूपं लागोपाठ ऐकलीत तर कळेल की पक्क्या अल्बममधला तो निवांत, खर्जातला डूम या दुसऱ्या फेरीतून आलेला आहे. त्यानंतरच्या किती रॅपर्सनी ती बेफिकीर चाल उचलली! मोठी कंपनी असती तर तारीख गाठायची घाई झाली असती. इथे वाट बघायला मोकळीक होती. तुमच्या दोघांच्या व्याख्या इथे एकत्र येतात: पद्धत स्वतंत्र होती म्हणून आवाज असा झाला.

रेघ

आडताल यांना पूर्ण अनुमोदन. थोडी भर.

'सर्वांत आधी कोण' हा मुद्दा निघालाच आहे तर सन राच्याही आधी, १९५२ मध्ये, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी डेब्यू रेकॉर्ड्स काढलं होतं. सीलिया मिंगस त्यात बरोबरीने होती आणि तिचं नाव नेहमी गाळलं जातं. मॅसी हॉलच्या १९५३ च्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत आलं ते या लेबलमुळे. तरीही वरचं स्थान मी सन रालाच देईन. डेब्यू काही वर्षांत थांबलं. सॅटर्न दशकानुदशकं चाललं. थोड्या थोड्या प्रती काढायच्या, कव्हर कधी हाताने रंगवायचं, आणि मैफिल संपली की तिथेच विकायच्या. एकाच अल्बमची दोन कव्हरं सारखी नसायची. एमसीफाइव्ह या रॉक बँडने १९६९ मध्ये पहिल्याच अल्बमवर त्याला श्रेय दिलं, आणि १९९२ मध्ये सॉनिक यूथ या बँडच्या न्यूयॉर्कमधल्या खुल्या कार्यक्रमात आधी त्याचा ताफा वाजला. जाझमधून निघून थेट पंकच्या पलीकडे पोचलेला दुसरा कोणी सापडत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पंक बँड बझकॉक्स नाहीत! त्यांचं पहिलं रेकॉर्ड 'स्पायरल स्क्रॅच', जानेवारी १९७७. घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन मुद्रण, न्यू हॉर्मोन्स हे स्वतःचं लेबल, पहिल्या १००० प्रती. कव्हरच्या मागे प्रत्येक गाण्यापुढे कितवा टेक, म्हणजे कितव्या प्रयत्नाचं मुद्रण, आणि वर किती थर चढवले तेही छापलेलं आहे. तिसरा टेक, वर काही नाही. पहिला टेक, एकच थर. विकत घेणाऱ्याला तिथेच समजतं की यात जादूटोणा नाही. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने हीच कल्पना पुढे नेली आणि कव्हरवर मुद्रणापासून छपाईपर्यंतचा खर्चच मांडला. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने ते कव्हर हातात घेऊन बेरीज करावी आणि म्हणावं, एवढे तर आपण जमवू शकतो. मंद्र, 'कामाची पद्धत बदलली' हा तुमचा निकष यांच्याइतका कोणाला लागू पडतो?

आगंतुक

रेडिओहेड? २००७ मध्ये 'इन रेनबोज' हवी ती किंमत देऊन घ्या म्हणाले, अख्खा उद्योग हलला.

रेघ

उद्योग हलला हे मान्य. पण त्यांचं नाव झालं ते ईएमआयच्या करारात असताना. करार संपल्यावर जगभर ओळख असलेल्या बँडने किंमत खुली ठेवणं आणि कोणी ओळखत नसताना कव्हरवर किंमत छापणं यात फरक आहे. क्रास या पंक बँडने १९७९ पासून स्वतःच्या रेकॉर्डवर 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' असं ठळक छापलं. त्यांनी लेबल काढलं त्यामागेही कारण होतं. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी एक गाणं छापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी त्या जागी नुसती शांतता ठेवली आणि ठरवलं की इथून पुढे कोणाच्या मर्जीवर राहायचं नाही.

कॅसेटवाली

सगळे लेबलवर बोलताय. ज्याच्याकडे लेबलही नव्हतं त्याचं काय?

डॅनियल जॉन्स्टन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरायचा. कॅसेटवरून कॅसेट करायची सोय सुरुवातीला नव्हती, म्हणून कोणी कॅसेट मागितली की तो पुन्हा बसून सगळी गाणी नव्याने गायचा. तुम्हाला मिळालेली कॅसेट फक्त तुमची. कळ दाबल्याचा खटका, खोलीतला आवाज, अर्ध्यात सरकलेला सूर, सगळं त्यात. १९९२ मध्ये कोबेनने त्याच्या कॅसेटचं चित्र असलेला शर्ट घातला आणि जगाने नाव ऐकलं. पण त्याआधीच ऑस्टिनच्या गायकांना ती गाणी पाठ होती, हे विसरू नका. घरात, एकट्याने, वाईट माइकवर गायलेलं गाणं तसंच लोकांसमोर ठेवायचं धैर्य पुढच्या असंख्य जणांनी त्याच्याकडून घेतलं. माझ्या यादीत तो पहिल्या तिघांत.

रेनकोट्स या बँडचंही तसंच. पहिला अल्बम १९७९, रफ ट्रेड. बाजारातून गायब झाला होता. कोबेनच्या आग्रहामुळे १९९० च्या दशकात पुन्हा निघाला आणि मग 'निर्वाणाला आवडणारा बँड' हीच त्यांची ओळख होऊन बसली. मला हे सलतं. व्हायोलिन गिटारच्या खाली न राहता तिला आडवं जातं, ड्रम मधेच थांबतात, चौघी एकमेकींना वाट देत गातात. त्या वादनात कुणीच पुढारी नाही. रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीतल्या मुलींनी, बिकिनी किलसारख्या बँडने, जे उभं केलं त्याची बीजं इथे आहेत. प्रसिद्ध चाहत्याच्या शिफारशीने प्रभाव मोजायचा असेल तर क्रमवारी चाहत्याची होते, कलाकाराची नाही. बी-साइड, तुमच्या पिक्सीजच्या पुराव्यालाही हे लागू आहे.

बी-साइड

कॅसेटवाली, मुद्दा बिनतोड आहे. पण कोबेनचं वाक्य मी पुरावा म्हणून दिलं, कारण म्हणून नव्हे. त्याने ते म्हटलं नसतं तरी कानाला कळलं असतंच.

चौथ्या क्रमांकाबद्दल बोलतो, कारण तिथे मंद्र यांनी एका ओळीत काम आटोपलंय आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. फॅक्टरीचा करार असा, की संगीत कलाकारांचं, कंपनीचं त्यावर काही नाही. ऐकायला स्वप्नवत. पण न्यू ऑर्डरची कमाई त्याच कंपनीबरोबर चालवलेल्या हसिएंडा क्लबमध्ये वर्षानुवर्षं जिरत गेली आणि १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली. लंडन रेकॉर्ड्स विकत घ्यायला आली तेव्हा कळलं की फॅक्टरीकडे विकायला फारसं काहीच नाही, गाणी बँडची आहेत. मग हे स्वातंत्र्याचं यश की अपयश? माझ्या मते यश. लेबल गेलं, गाणी राहिली. याउलट एसएसटीकडे बघा. ब्लॅक फ्लॅगच्या गिटारवाल्याचं लेबल, म्हणजे कलाकाराचंच, आणि तरी सॉनिक यूथसारख्या बँडना आपले मास्टर सोडवून आणायला झगडावं लागलं. त्याच लेबलवरच्या हुस्कर डू बँडचा 'झेन आर्केड' १९८४ मध्ये निघाला तेव्हा प्रती इतक्या कमी छापल्या होत्या की बँड दौऱ्यावर आणि दुकानात रेकॉर्ड नाही. 'स्वतंत्र' शब्दाने बँडचं भलं होतंच असं नाही. तिसऱ्या क्रमांकावर ब्लॅक फ्लॅग मला मान्य नाही.

मंद्र

सगळ्यांचं नीट वाचलं. क्रम बदलतोय.

फुगाझी पहिलेच. रेघ यांनी बझकॉक्सची बाजू फार ताकदीने मांडली, पण 'स्पायरल स्क्रॅच'नंतर काही महिन्यांत ते युनायटेड आर्टिस्ट्स या मोठ्या कंपनीकडे गेले. दार त्यांनी उघडलं आणि स्वतः दुसऱ्या दाराने निघून गेले. तरी त्या एका रेकॉर्डसाठी ते माझ्याकडे पाचवे, डिफ्रँको सहाव्या. सन रा दुसऱ्यावर कायम. तिसऱ्यावर अ‍ॅटकिन्स आणि मेट्रोप्लेक्स. छपाई, मालकी, वितरण, आवाज, चारही कसोट्यांवर इतकं खणखणीत दुसरं नाव या चर्चेत आलं नाही. न्यू ऑर्डर चौथे. ब्लॅक फ्लॅग खाली सातव्यावर. दौऱ्यांचा रस्ता त्यांचा, हे श्रेय काढून घेता येणार नाही. पण बी-साइड म्हणतात तसा हिशोबही त्याच घराचा आहे.

डॅनियल जॉन्स्टन मात्र मी पहिल्या तिघांत घेणार नाही. कॅसेटवाली, तो प्रत्येकासाठी पुन्हा गायचा, हे मन हेलावणारं आहे. पण ते निवडलेलं नव्हतं, साधन नव्हतं म्हणून होतं. पुढे १९९४ मध्ये त्याने अटलांटिक या मोठ्या कंपनीसाठी अल्बम केलाच. स्वातंत्र्याच्या क्रमवारीत मी निवडीला वजन देतो.

कॅसेटवाली

मग आडताल यांचं म्हणणं पुन्हा वाचा: हौस नाही, निकड. डेट्रॉइटला निकड चालते आणि टेपरेकॉर्डरवाल्याला चालत नाही, हे कसं? अ‍ॅटकिन्सकडेही सुरुवातीला दुसरा पर्याय कुठे होता? निवड असो वा अडचण, तिच्यातून जे वाजलं ते ऐकून दुसऱ्याने टेपरेकॉर्डर सुरू केला की नाही, एवढं बघा. माझ्या यादीत तो तिसराच राहील.

आडताल

कॅसेटवालीशी सहमत. आणि मंद्र, मेट्रोप्लेक्स तिसऱ्यावर आलं याचा आनंद आहे, पण जमैकाचा रेगे निर्माता ली 'स्क्रॅच' पेरी याच्याबद्दल कोणीच बोललेलं नाही. दुसऱ्यांच्या स्टुडिओंत राबून बाहेर पडला आणि १९६८ मध्ये अपसेटर लेबल काढलं. १९७३ मध्ये किंग्स्टनला घराच्या अंगणात ब्लॅक आर्क हा स्टुडिओ बांधला. चार ट्रॅकचं यंत्र. ट्रॅक भरले की ते एकावर उतरवायचे, जागा करायची, पुन्हा भरायचे. दर फेरीला आवाजावर धुरकट साय चढत जायची, आणि तीच पुढे त्याची ओळख झाली. १९७७ मध्ये क्लॅश या पंक बँडने त्याला निर्माता म्हणून बोलावलं, १९९८ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटाने एका गाण्यात आवाज द्यायला. काही अल्बम आयलंड या कंपनीने काढले, त्यावर तुमची चाळणी अडेल हे ठाऊक आहे. पण अपसेटरचे जमैकात निघालेले सिंगल घ्या, त्यांचे पैसे त्याचे, लेबल त्याचं आणि आवाजही त्याचाच. चौथ्या जागेवर न्यू ऑर्डरच्या आधी हा का नको, ते सांगा.